तीन मिनिटं होत आली

आत्याने एकतीस वर्षं लोकांची बोलणी मध्येच तोडली आणि त्याबद्दल तिला कधी फारसं वाईट वाटलं नाही. ते तिचं कामच होतं. परगावी फोन लावायचा म्हणजे आधी एक्स्चेंजमध्ये नंबर नोंदवायचा, मग कधी तासभर तर कधी अख्खी दुपार वाट बघायची आणि लागला की तीन मिनिटं बोलायचं, असा तो काळ होता. आत्या त्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. समोर माणसाच्या उंचीचा बोर्ड, त्याला शेकडो भोकं, हातात दोरीच्या टोकाला पितळी प्लग, डोक्यावर हेडफोन आणि नजर घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. अडीच मिनिटं भरली की ती लाइनवर शिरायची आणि म्हणायची, "तीन मिनिटं होत आली." तीन भरली की प्लग ओढायची. पलीकडे कुणी रडत असो नाहीतर कुणी नातवाला गाणं म्हणून दाखवत असो.

बाकीच्या मुली पाच-दहा सेकंद इकडेतिकडे करायच्या. कुणाचा नवरा दूर नोकरीला, कुणाची आई आजारी, म्हणून जरा सैल सोडायच्या. आत्या नाही. "मी कुणाचा सेकंद खाल्ला नाही आणि कुणाला फुकट वाढला नाही," असं ती म्हणायची. मुलींनी तिचं नाव कात्री ठेवलं होतं. तोंडावर नाही म्हणायच्या, पण तिला ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. निवृत्तीच्या दिवशी त्याच मुलींनी, तोवर केस पिकलेल्या, तिला मोठा सेकंदकाटा असलेलं एक टेबलावरचं घड्याळ दिलं. त्यानंतर चार-सहा वर्षांतच बोर्ड उखडला गेला. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे आणि आत्या तिकडून जाताना मुद्दाम पलीकडच्या फूटपाथवरून जाते.

तिने लग्न केलं नाही. धाकट्या भावाचं घर हेच तिचं घर. भावाचं एक छोटं वर्कशॉप होतं, फाटकांची आणि शटरची चाकं बनवणारं. एक लेथ, एक ड्रिल, दोन भट्ट्या आणि एक मिस्त्री. भाऊ गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, वर्कशॉपला कुलूप लागणार. पण भाचीने आपली बरी चाललेली नोकरी सोडली आणि वडिलांचा खाकी कोट चढवला. बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या. मिस्त्रीने तिला त्या कोटात पाहिलं, काही न बोलता लेथ पुसली आणि सुरू केली. मिस्त्री मुळातच कमी बोलायचा. आत्याच्या हिशेबाने तो तीन मिनिटांत बसेल इतकं महिन्याला बोलत असे.

दोन वर्षांपूर्वी आत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. गावातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ती आठ दिवस होती. ऑपरेशनचं दुखणं तिला फार जाणवलं नाही, पण औषधांच्या ट्रॉलीने जीव नकोसा केला. खडखड, खडखड, किर्र, धडाम. डोळा लागतो न लागतो तोच व्हरांड्याच्या टोकाकडून ती यायची. आत्याला मोजायची सवय. भाची डबा घेऊन आली तेव्हा तिने सांगितलं, "सकाळच्या चहापासून आत्तापर्यंत सतरा वेळा जागी झाले. सतरा. शेजारच्या बाईंना तर आता ट्रॉली आली नाही तरी दचकायला होतं."

भाची वाकून ट्रॉलीची चाकं बघत बसली. नर्सला वाटलं हिचं काही हरवलं. दुसऱ्या दिवशी तिने मिस्त्रीला भेटायच्या वेळेत आणलं. मिस्त्रीने ट्रॉली दोन हात पुढे ढकलली, दोन हात मागे घेतली, कान खाली नेला आणि म्हणाला, "आवाज चाकाचा नाही ताई. पकडीचा."

चाक ज्या लोखंडी पकडीत बसतं, ती ढिली पडून थरथरते आणि अख्खी ट्रॉली वाजते, एवढीच ती गोष्ट होती. त्यावर दोघांनी दीड वर्ष घालवलं. रबराच्या कड्या बदलल्या, खिळा बदलला, पकडीचा आकार बदलला. अखेर असं चाक तयार झालं की भरलेली ट्रॉली फरशीवरून ढकलली तरी फक्त ढकलणाऱ्याच्या चपला वाजायच्या.

एवढं झालं, आणि नेमकं त्याच वर्षी फाटकांचं काम आटलं. शटरवाले तयार माल बाहेरून मागवू लागले. वर्कशॉपमध्ये आठवड्यातले चार दिवस लेथवर फडकं पांघरलेलं. मिस्त्रीचा मुलगा त्याला दुसऱ्या गावी बोलवत होता. एक माणूस येऊन लेथ बघून गेला, तिच्या अंगावर थाप मारून गेला, आणि भाचीला ती थाप आपल्या पाठीत बसल्यासारखी लागली. त्याला महिनाअखेरीस काय ते कळवते म्हणून तिने सांगितलं होतं. त्याच महिन्यात भाचीच्या अर्जावर हॉस्पिटलचं पत्र आलं. खरेदी समितीसमोर आपल्या चाकाची माहिती द्यावी. वेळ, वीस मिनिटं.

म्हणजे सगळं त्या वीस मिनिटांवर आलं होतं. चाकं घेतली तर लेथ राहील, मिस्त्री राहील, खाकी कोट खुंटीवर राहील. नाही घेतली तर भाचीने जुन्या साहेबाला फोन करून ठेवला होता, आणि जुना साहेब "आलात ना शेवटी" असं म्हणणारा होता.

रविवारी सकाळी वर्कशॉपमध्ये तालीम ठरली. आत्याला घड्याळासकट बोलावणं होतं. पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरचा चौकोन पडला होता आणि त्यात एक पृथ्वी गरगर फिरत होती. ही करामत जावईबापूंची. भाचीचा नवरा एका मोठ्या कंपनीत होता, जिथे लोक दिवसभर एकमेकांना स्लाइड दाखवतात आणि संध्याकाळी दमून घरी जातात. त्याने बायकोसाठी आठ दिवस खपून बासष्ट स्लाइड बनवल्या होत्या.

"ही पृथ्वी कशाला?" आत्याने विचारलं.

"सुरुवातीला जरा भव्य वाटतं, आत्या."

"आपण चाकं हॉस्पिटलला देणार आहोत ना? का पृथ्वीला बसवायची आहेत?"

मिस्त्री स्टुलावर बसून खाली मान घालून हसला.

भाचीने सुरुवात केली. आमची स्थापना. आमची दृष्टी. आमचं ध्येय. आत्याने हात वर केला. "दृष्टी आणि ध्येय यांत फरक काय?"

भाचीने नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "आत्या, त्या दोन वेगळ्या स्लाइड आहेत."

"ते दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत अजून. पण फरक काय?"

"फरक... म्हणजे सगळेच दोन्ही टाकतात."

पुढे रबराचे प्रकार आले, रबराचा इतिहास आला, जगात चाकांची मागणी कशी वाढते आहे त्याचे चढते खांब आले. एकेचाळीसाव्या स्लाइडवर 'ध्वनिपातळीचा तुलनात्मक आढावा' होता. शेवटी उगवता सूर्य आणि 'धन्यवाद'. आत्याने घड्याळ बघितलं. अठ्ठेचाळीस मिनिटं. मिस्त्रीची हनुवटी छातीला टेकली होती आणि जावईबापूही स्वतःच्याच स्लाइडसमोर एकदा पेंगले होते, पण ते त्यांनी पुढे कधी मान्य केलं नाही.

"कसं वाटलं?" भाचीने विचारलं.

"ट्रॉली कधी येते याची वाट बघत होते," आत्या म्हणाली. "वाजणारी असती तरी चाललं असतं. निदान मिस्त्री उठले असते."

भाचीचा चेहरा पडला. आत्याला वाटलं, जरा जास्तच बोलले मी. तिने स्टूल पुढे ओढलं.

"अगं पोरी, ऐक. आम्हाला लाइनवरचं बोलणं ऐकायची परवानगी नव्हती. पण लाइन जिवंत आहे का बघायला मध्ये मध्ये कान लावावाच लागायचा. एकतीस वर्षं लावला. तुला सांगते, माणूस पहिली अडीच मिनिटं काय बोलतो? तू कसा आहेस, मी बरा आहे. तिकडे पाऊस आहे का, इकडे नाही. शेजाऱ्यांची गाय व्यायली. आवाज येतोय का, येतोय, तुला येतोय का. आणि मी म्हटलं, तीन मिनिटं होत आली, की मग एका दमात, 'अरे, बाबांना घरी आणलंय, डॉक्टरांनी हात टेकले, निघून ये.' हे! हे त्याला सांगायचं होतं. यासाठी त्याने दुपारभर रांग धरली होती. आणि ते बारा सेकंदांत सांगून झालं."

"सगळेच असे?" जावयाने विचारलं.

"सगळेच. एक मुलगा होता, बहुतेक कुठल्या कारखान्यात शिकाऊ होता. दर आठवड्याला एका मुलीला फोन करायचा. दर वेळी हवापाणी. मी म्हटलं की तीन मिनिटं होत आली, की हा 'बरं मग' म्हणून ठेवायचा. मीच वैतागले होते. आठव्या वेळी मी अडीचचा इशारा दिला, हा शेवटच्या सेकंदापर्यंत घुटमळला आणि मग ओरडला, 'माझ्याशी लग्न करशील का!' ती 'हो' म्हणाली की नाही कोण जाणे. वेळ संपली होती."

"तू प्लग ओढलास?" भाची किंचाळली.

"नियम होता."

"आत्या! खरंच कात्री गं तू!"

"त्याने दुसऱ्या दिवशी परत बुक केला," आत्या शांतपणे म्हणाली. "आणि तिने पहिल्या सेकंदाला 'हो' म्हटलं. मग उरलेली तीन मिनिटं दोघं नुसते हसत होते. सांगायचं काय, तर माणसाकडे वेळ आहे म्हटलं की तो खरी गोष्ट शेवटी ठेवतो. तूही ठेवलीस. एकेचाळीसाव्या नंबरावर."

मग कापाकापी सुरू झाली. पृथ्वी गेली. दृष्टी गेली, तिच्यामागोमाग ध्येय गेलं. रबराचा इतिहास जाताना जावयाने सुस्कारा सोडला. प्रत्येक स्लाइड जाताना तो "ही तरी राहू दे" म्हणायचा आणि भाची "तुझ्या कंपनीत लाव" म्हणायची. दुपारपर्यंत बारा उरल्या आणि वेळ सतरा मिनिटांवर आली. पहिली स्लाइड होती भाचीच्या वडिलांची. लेथशेजारी उभे, खाकी कोटात, एक डोळा उन्हाने बारीक झालेला.

"ही?" भाचीने विचारलं. तिचा हात बटणावर होता, पण ती बटणाकडे बघत नव्हती.

आत्याने तो फोटो स्वतः काढला होता. त्या दिवशी लेथ आली होती आणि भावाने तिला सकाळपासून तीनदा पुसली होती.

"ती असू दे," ती म्हणाली. "वीस मिनिटं आहेत."

कात्रीने आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट कापली नाही, आणि ती चूक होती.

हॉस्पिटलच्या सभागृहाबाहेर बाकावर तिघं बसले होते, भाची, आत्या आणि मिस्त्री. जावईबापूंना रजा मिळाली नव्हती. ते दर दहा मिनिटांनी 'सुरू झालं का' असा मेसेज पाठवत होते. मिस्त्रीजवळ त्यांची नवी चाकं बसवलेली औषधांची ट्रॉली होती. तिच्यावर त्याने पाण्याचे सहा काचेचे ग्लास काठोकाठ भरून ठेवले होते आणि तो त्यांच्याकडे राखणदारासारखा बघत होता. भाचीची पाळी अकराला होती. साडेअकरा वाजले. पावणेबारा वाजले. आत एक गाद्यांचे विक्रेते होते. दाराच्या फटीतून त्यांच्या भिंतीवरच्या स्लाइड दिसत होत्या. त्यांच्याकडेही एक पृथ्वी होती.

बारा वाजता दार उघडलं आणि त्यांना आत घेतलं. गादीवाले अजून आपले नमुने गुंडाळत होते. समितीत तिघं होते. मध्ये अधीक्षकबाई, चष्मा कपाळावर, समोर सह्यांचा ढीग. डावीकडे मेट्रन, पाठ सरळ, हातावर मोठं घड्याळ. उजवीकडे भांडारप्रमुख, निवृत्तीला आलेले, टक्कल, आणि डोळे जवळजवळ मिटलेले. गादीवाल्यांनी त्यांना नमुन्यावर झोपवलं नव्हतं एवढंच.

अधीक्षकबाई काही सांगायला लागल्या, तेवढ्यात मागच्या दाराने चहाची ट्रॉली आली. खडखड, खडखड, किर्र. अधीक्षकबाई वाक्याच्या मध्येच थांबल्या. मेट्रननेही हातातला कागद वाचायचा थांबवला. ट्रॉली टेबलाशी येऊन धडाम करून थांबली, तेव्हा अधीक्षकबाईंनी वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं.

"...तर माफ करा, मला बारा वाजून दहा मिनिटांनी राउंडला जायचंय. तुम्हाला पाचच मिनिटं देता येतील."

आत्याने भाचीकडे बघितलं. भाचीच्या ओठांवरचा रंग उतरला. सतरा मिनिटं तिने आठ दिवस पाठ केली होती. पाच मिनिटांचं तिच्याकडे काहीच नव्हतं. आणि घाबरलेला माणूस करतो तेच तिने केलं. जे पहिलं पाठ होतं, ते तिने सुरू केलं. बटण दाबलं. भिंतीवर खाकी कोटातला माणूस उन्हाने डोळा बारीक करून उभा राहिला.

"हे माझे वडील," भाची म्हणाली. "आमच्या वर्कशॉपची सुरुवात त्यांनी केली. तेव्हा त्यांच्याकडे एक लेथ होती. म्हणजे त्याच्याही आधी ते दुसऱ्या एका कारखान्यात होते, तिथे त्यांनी चाकांचं काम..."

अधीक्षकबाईंनी सौजन्याने मान हलवली आणि हळूच एक कागद ओढून सही केली. भांडारप्रमुखांचे डोळे पुरते मिटले. भाचीला ते दिसत होतं आणि तरी तिला थांबता येत नव्हतं. ती कारखान्यातून वडिलांच्या शाळेकडे निघाली होती.

मागच्या खुर्चीत आत्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. चाळीस सेकंद. भाऊ भिंतीवरून तिच्याकडेच बघत होता. पोरगी त्याच्यामागे लपली आहे, हे आत्याला कळलं. त्याला बाजूला केल्याशिवाय ती बाहेर येणार नाही. आणि हेही कळलं, की एकतीस वर्षांत जे तिने कधी केलं नाही, सुपरवायझरच्या मेहुण्यासाठी केलं नाही, स्वतःच्या आईच्या फोनसाठी केलं नाही, ते आत्ता करावं लागणार आहे.

तिने पाठ ताठ केली, हनुवटी जरा वर घेतली, आणि नाकातून येणाऱ्या त्या जुन्या, सपाट, सगळ्यांना सारख्या आवाजात म्हणाली,

"तीन मिनिटं होत आली."

भांडारप्रमुख खाडकन जागे झाले. "वाढवा बाई, वाढवा! कापू नका!" ते मोठ्याने ओरडले, आणि मग आपण कुठे आहोत ते बघून लालबुंद झाले.

मेट्रन तोंडावर हात धरून हसली. अधीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं. आणि भाचीने दचकून एकदा आत्याकडे बघितलं, भिंतीवरचा फोटो बंद केला, आणि एका दमात बोलली.

"मॅडम, मघाशी चहाची ट्रॉली आली तेव्हा तुम्ही बोलता बोलता थांबलात. तुम्हाला ते जाणवलंही नसेल, रोजची सवय आहे. तुमच्या वॉर्डात पेशंटला ती सवय नसते. ही माझी आत्या इथेच बारा नंबरच्या खाटेवर होती. ट्रॉलीमुळे ती चहापासून जेवणापर्यंत सतरा वेळा जागी झाली. आम्ही एक चाक बनवलंय, ते वाजत नाही. मिस्त्री, या."

मिस्त्रीने ट्रॉली ढकलली. सभागृहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चहाच्या ट्रॉलीला वळसा घालून, समितीच्या खुर्च्यांच्या अगदी मागून. सगळे ऐकत राहिले. ऐकायला काहीच नव्हतं. फक्त मिस्त्रीचा उजवा बूट जरा करकरत होता. सहा ग्लासांतलं पाणी काठाशी थरथरलं, पण सांडलं नाही.

"एका वॉर्डात महिनाभर लावून बघा," भाची म्हणाली. "नाही आवडली तर आम्ही येऊन काढून नेऊ आणि तुमची जुनी परत बसवून देऊ. एवढंच."

भाचीच्या हाताला सवयीने पुढच्या स्लाइडचं बटण दाबायची ओढ लागली होती. आत्याला ते दिसलं आणि तिने डोळे मोठे करून तिला थांबवलं. भाचीने हात पाठीमागे बांधले.

मेट्रन उठली. ती ट्रॉलीजवळ गेली, स्वतःच्या हाताने ती ढकलली, थांबवली, वळवली. मग खाली वाकून चाक बघितलं. "उंबरठ्यावरून?" तिने विचारलं.

"चालते," मिस्त्री म्हणाला.

"फिनाईलने रबर खराब होतं?"

"नाही."

"बिघडलं तर?"

"मी येतो."

मेट्रनने अधीक्षकबाईंकडे बघितलं. "मॅडम, माझ्या सर्जिकल वॉर्डात द्या. आजच्या आज द्या."

"पण महिनाभरच," अधीक्षकबाई म्हणाल्या. "मग तुमचा अहवाल बघून ठरवू." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मनगटाकडे पाहिलं. "हे काय, अजून बारा वाजून पाचच मिनिटं झालीत." मग त्या आत्याकडे वळल्या. "अहो बाई, तुम्ही तीन मिनिटं म्हणालात तेव्हा एकसुद्धा झालं नव्हतं."

"चाळीस सेकंद झाले होते," आत्या म्हणाली. "मला माहीत आहे."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर भाचीने आधी आत्याला मिठी मारली आणि मग भांडायला सुरुवात केली.

"खोटं बोललीस! तू! चाळीस सेकंदांना तीन मिनिटं? मला वाटलं, मी खरंच तीन मिनिटं बाबांच्या शाळेत घालवली!"

"अजून थोडा वेळ मिळाला असता तर घालवलीच असतीस. त्याची प्रगतीपुस्तकंही काढली असतीस. ती काही दाखवण्यासारखी नव्हती, मला ठाऊक आहे."

"पण तुझा नियम?"

"नियम फोनसाठी होता," आत्या म्हणाली, आणि मग जरा वेळाने, "भावाला मध्येच तोडलं मी. त्याला चालेल. तो स्वतः कधी इतकं बोलला असता का?"

मिस्त्रीने मान हलवली. "नसते बोलले," तो म्हणाला. ग्लासातलं पाणी त्याने एकेक करून कुंड्यांना घातलं.

जावईबापूंचा मेसेज आला, 'किती स्लाइड झाल्या?' भाचीने लिहिलं, 'अर्धी.' बराच वेळ त्यांचं उत्तर आलं नाही.

लेथ बघून गेलेल्या माणसाला महिनाअखेरीस कळवायचं होतं. भाचीने त्याला कळवलं, की अजून थोडं थांबा. तो थांबणारा नव्हता. त्याने दुसरीकडची लेथ घेतली आणि जाताना फोनवर बरंच काही ऐकवलं. म्हणजे आता विकायची म्हटली तरी गिऱ्हाईक नव्हतं. त्या दिवसांत भाची रोज काहीतरी निमित्त काढून सर्जिकल वॉर्डात जायची आणि मेट्रन तिला रोज बाहेर काढायची. "अहो, चाकं आवाज करत नाहीत, पण तुम्ही करता," असं एकदा म्हणाली.

महिना संपून दोन दिवस झाले होते. आत्या वर्कशॉपमध्ये चहा घेऊन आली होती. भाची आणि मिस्त्री मागच्या बाजूला भट्टी उतरवत होते. फोन वाजला. आत्याने उचलला.

"मी हॉस्पिटलमधून भांडारप्रमुख बोलतोय. सगळे वॉर्ड. कागद उद्या निघतो."

आत्याने डोळे मिटले. मग फोनवर हात ठेवून मागे वळून ओरडली, "पोरी, सगळे वॉर्ड!" मागून काहीतरी लोखंडी जमिनीवर पडल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ मिस्त्रीचं हसणं, मोठ्याने, पहिल्यांदाच.

"झालं माझं सांगून," फोनमधला आवाज म्हणाला. "किती सेकंद लागले?"

"आठ," आत्या म्हणाली.

"म्हणजे बरेच उरले की. बाई, त्या दिवशी मी ओरडलो ना, त्याचं सांगायचं राहिलं. मी नोकरीला लागलो तेव्हा दर रविवारी गावी आईला फोन लावायचो. तिला ऐकू कमी यायचं. तीन मिनिटांतली दोन 'कोण बोलतंय' यातच जायची. आणि मग तुमचा आवाज यायचा. घरी आम्ही तुम्हाला तीन-मिनिटं-बाई म्हणायचो. आई तर शिव्या द्यायची तुम्हाला."

"द्यायलाच पाहिजेत," आत्या म्हणाली. ती स्टुलावर बसली. पाठ सैल सोडली.

"एकदा आईने मला लोणी कढवायला किती वेळ लागतो ते सांगायला घेतलं होतं, आणि तुम्ही..."

टेबलावर, तालमीपासून तिथेच राहिलेल्या तिच्या घड्याळाचा सेकंदकाटा फिरत होता. दीड मिनिट, दोन, अडीच. आत्याचा उजवा हात आपोआप वर उठला, जिथे एके काळी दोरी असायची तिथवर गेला. तिने त्याच्याकडे बघितलं. मग त्या हाताने घड्याळ उचललं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

"सांगा," ती म्हणाली. "किती वेळ लागतो म्हणाल्या होत्या आई?"